आधी तुरुंग, मग गणवेश: विली रेडमंडचं काय करायचं?

जुनाट_पेन

मंडळी, आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्याचा विषय आपल्याकडे निघाला की गाडी थेट डब्लिनच्या १९१६ च्या ईस्टर उठावावर जाते आणि तिथून त्या उठावातल्या, पुढे पंतप्रधान झालेल्या डी व्हॅलेरावर. वाटेत एक स्टेशन लागतं, तिथे कुणी उतरत नाही. त्या स्टेशनचं नाव मेजर विली रेडमंड.

जन्म १८६१, लिव्हरपूलचा, पण घराणं वेक्सफर्डचं. वडील खासदार. थोरला भाऊ जॉन रेडमंड, म्हणजे पुढे आयरिश संसदीय पक्षाचा नेता. विली विशीत लँड लीगमध्ये (कुळांच्या हक्कांची चळवळ) शिरला आणि १८८२ मध्ये किल्मेनहॅमच्या तुरुंगात जाऊन बसला. त्या वेळी पक्षाचा नेता पार्नेलही तिथेच होता. पुढच्याच वर्षी दोघे भाऊ ऑस्ट्रेलियात पक्षासाठी निधी गोळा करत फिरत होते, तर इकडे लोकांनी विलीला त्याच्या गैरहजेरीत वेक्सफर्डमधून निवडून दिलं. तिथून मरेपर्यंत खासदार. १८९२ पासून ईस्ट क्लेअरचा. मधे आणखी दोनदा तुरुंगवारी. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात उघडउघड ब्रिटिशांविरुद्ध, बोअरांच्या बाजूने.

आणि हाच गृहस्थ पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर, वयाच्या ५३ व्या वर्षी, ब्रिटिश सैन्यात भरती झाला. ७ जून १९१७ ला बेल्जियममध्ये मेसीन्सच्या लढाईत मारला गेला.

माझे प्रश्न दोन. ज्या सरकारने तीनदा आत टाकलं त्याचाच गणवेश या माणसाने का चढवला? आणि दुसऱ्यांना लढायला पाठवणारे पुढारी पैशाला पासरी मिळतात, हा स्वतः गेला. तेवढ्याने त्याच्या राजकारणाचा हिशेब बदलतो का?

तिरकस

एकतीस वर्षं खासदार राहून ५३ व्या वर्षी खंदकात? आमचे लोकप्रतिनिधी ५३ व्या वर्षी युवा आघाडीचे अध्यक्ष होतात.

चकवा

पहिल्या रांगेत जागा धरली आहे. येऊ द्या.

पर्वतीपायथा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: फसवणूक. होमरूलचा, म्हणजे आयर्लंडला स्वतःची संसद देणारा कायदा १८ सप्टेंबर १९१४ ला मंजूर झाला आणि त्याच दिवशी लढाई संपेपर्यंत बासनात गुंडाळून ठेवला. म्हणजे लग्न लागलं, पण नवरी युद्धानंतर पाठवू. एवढ्यावर खूश होऊन जॉन रेडमंडने दोनच दिवसांनी वुडनब्रिजला भाषण ठोकलं की आयरिश स्वयंसेवकांनो, जिथे म्हणून लढाई चालू आहे तिथे जाऊन लढा. स्वयंसेवक दलात उभी फूट पडली. बहुसंख्य रेडमंडकडे राहिले, दहा-बारा हजार बाहेर पडले. पुढे इतिहास घडवला तो या दहा-बारा हजारांतल्या काहींनी.

आणि त्या बदल्यात मिळालं काय? उत्तरेतल्या अल्स्टरच्या युनियनिस्टांना (ब्रिटनलाच जोडून राहू पाहणारे, होमरूलचे विरोधक) त्यांची स्वतःची ३६ वी डिव्हिजन, स्वतःचे अधिकारी, स्वतःचं चिन्ह. राष्ट्रवादी आयरिशांच्या १६ व्या डिव्हिजनला मात्र युद्धमंत्री किचनेरने हातचं राखून वागवलं, वेगळा बिल्लासुद्धा नाकारला आणि वरचे अधिकारी बहुतेक प्रॉटेस्टंट नेमले. पुढे पंतप्रधान झालेल्या लॉइड जॉर्जनेच नंतर या सगळ्या कारभाराला मूर्खपणा म्हटलं, तोही दुष्टपणाच्या जवळ जाणारा. ज्याला बिल्ला देववत नाही तो स्वराज्य काय देणार, हे विलीला कळायला नको होतं?

डब्लिनचा_पाऊस

पर्वतीपायथा, तुम्ही १९१८ मध्ये बसून १९१४ च्या माणसाला जाब विचारताय.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसलं. छोटा कॅथलिक देश, शेजारी बलाढ्य. लूव्हाँचं विद्यापीठ-ग्रंथालय जाळलं. आयरिश माणसाला यात स्वतःचं घर दिसलं तर नवल नाही. त्यातून दुसरा हिशेब होता: अल्स्टरचे लोक आणि आपले लोक एकाच खंदकात लढले तर परत आल्यावर एकमेकांवर बंदुका रोखणार नाहीत. विलीने डिसेंबर १९१६ मध्ये आर्थर कॉनन डॉइलला (हो, तेच, शेरलॉकवाले) पत्रात हेच लिहिलं की मेलेल्यांच्या थडग्यांवर उत्तर आणि दक्षिण जोडणारा पूल बांधता आला तर त्याहून चांगलं स्मारक नाही.

भरतीची गोष्टही सांगते. नोव्हेंबर १९१४ मध्ये कॉर्कच्या इम्पीरियल हॉटेलच्या खिडकीतून त्याने जमावापुढे भाषण केलं. आशय असा की केस पिकलेत, वय झालंय, पण मी तुम्हाला ‘जा’ म्हणणार नाही, ‘चला माझ्याबरोबर’ म्हणेन. आणि खरोखर गेला. रॉयल आयरिश रेजिमेंटच्या सहाव्या बटालियनमध्ये कॅप्टन म्हणून.

खवट_म्हातारा

ताई, भाषण चांगलंच आहे. पण हा मुलगा राजकारणात येण्याआधी वेक्सफर्डच्या मिलिशियात अधिकारी होता, हे कुणी लिहिलं नाही. म्हणजे तलवार-बूट यांची हौस जुनीच. पन्नाशी उलटल्यावर संधी चालून आली. तत्त्वज्ञान नंतर चिकटवता येतं. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त गृहस्थ ध्वजवंदनाला अजून एनसीसीची टोपी घालून येतात, त्याला आम्ही राष्ट्रवाद म्हणत नाही.

तिरकस

खवटकाका, ती टोपी तुमचीच ना? हलके घ्या.

रानवाटा

धाग्याला जरा घरचं वळण देतो, ओढूनताणून नाही.

टिळक जून १९१४ मध्ये मंडालेहून सुटले. सहा वर्षं काढून. दोन महिन्यांत युद्ध पेटलं आणि ऑगस्टअखेर टिळकांनी पत्रक काढून सांगितलं की या संकटात आम्ही सरकारच्या बाजूने आहोत. तेव्हाही लोकांनी भुवया उंचावल्या होत्या. पण टिळकांनी हात आखडता ठेवला. ‘सैनिक देतो, पण आमच्या पोरांना अधिकारपद द्या’ हा त्यांचा हेका. लढाऊ पलटणीत हिंदी माणसाला किंग्ज कमिशन (गोऱ्यांच्या बरोबरीचं अधिकारपद) १९१७ पर्यंत मिळत नव्हतं, हे लक्षात घ्या. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत ते स्वराज्यावर बोलू लागले, गव्हर्नर विलिंग्डनने अडवलं, तर टिळक सभेतून उठून गेले. गांधीजींना तर त्यांनी ५० हजारांचा चेक पाठवला होता: हिंदी लोकांना अधिकारपदं देण्याचं वचन सरकारकडून मिळवा, मी महाराष्ट्रातून ५ हजार माणसं देतो, नाही दिली तर पैसे तुमचे. गांधीजींनी चेक परत केला आणि बिनशर्त भरतीसाठी खेड्याखेड्यांतून पायपीट केली.

म्हणजे त्या काळात तिघं एकाच दुकानात गेले. टिळक भाव ठरल्याशिवाय पिशवी उघडेनात, गांधीजी म्हणाले आधी माल देऊ, आणि विली रेडमंड स्वतःच पिशवीत जाऊन बसला.

आता एक योगायोग बघा. एप्रिल १९१६ चा शेवटचा आठवडा. डब्लिनमध्ये २४ तारखेला उठाव झाला, २९ ला उठावाचा नेता पिअर्सने शरणागती दिली. बेळगावला त्याच आठवड्यात टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली, नाव सरळ आयर्लंडवरून घेतलेलं. मेसोपोटेमियात कुट-अल-अमाराला जवळजवळ पाच महिने वेढ्यात अडकलेल्या जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनने २९ लाच तुर्कांपुढे शस्त्रं ठेवली. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. आणि फ्रान्समध्ये हुलुखला, २७ ते २९ एप्रिल, विलीच्याच १६ व्या डिव्हिजनवर जर्मनांनी विषारी वायू सोडला. शेकडो मेले. समोरच्या जर्मन खंदकांवर फलक लागले: आयरिशांनो, तिकडे इंग्रज तोफा तुमच्या बायकामुलांवर गोळे टाकताहेत. मन्स्टर फ्युझिलियर्सच्या लोकांनी असा एक फलक रात्री सरपटत जाऊन उचकटून आणला.

बोरकूट

बाप रे. हे चारही एका आठवड्यात होते हे माहीतच नव्हतं. शाळेत बेळगाव एका धड्यात आणि डब्लिन कुठेच नाही.

सातारी_कंदी

रानवाटा यांनी कुटचं नाव काढलं म्हणून लिहितो. आमच्याकडे अपशिंगे गाव आहे, त्याला अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले, दगडावर कोरलंय. आमच्याही घरात पणजोबांच्या थोरल्या भावाचं एक पितळी नाणं आहे, त्यावर सिंह आणि बाई. आजी त्यावर दिव्याची वात ठेवायची.

सांगायचा मुद्दा: ही माणसं बेल्जियम वाचवायला गेली नव्हती, आणि होमरूलसाठीही नाही. महिन्याचा पगार यायचा, दुष्काळात चूल पेटायची. तुम्ही सगळे, ते खासदार काय विचार करत होते यावर बोलताय. शिपायाला विचार परवडत होता का?

डब्लिनचा_पाऊस

कंदी, अगदी. आणि इथेही तेच. आयर्लंडमधून सुमारे दोन लाख लोक त्या युद्धात गेले. डब्लिनच्या खोपटांतून गेलेल्या शिपायांच्या बायकांना सरकारी भत्ता मिळायचा. उठावातले बंडखोर शरण आल्यावर सैनिक त्यांना रस्त्यावरून नेत होते, तेव्हा या बायकांनीच त्यांना सर्वांत जास्त शिव्या घातल्या. त्यांच्या दृष्टीने ही पोरं आपल्या नवऱ्यांच्या पाठीत सुरा खुपसत होती. वारं फिरलं ते ३ मेपासून, एकेका नेत्याला गोळ्या घालायला सुरुवात झाली तेव्हा. नऊ-दहा दिवस ते सत्र चाललं. जे काम उठावाने झालं नाही ते त्या गोळ्यांनी केलं.

रानवाटा

याच्यावरून टॉम बॅरी. कॉर्कचा पोरगा, ब्रिटिश तोफखान्यात. कुट सोडवायला निघालेल्या फौजेत होता, म्हणजे कंदींच्या गावकऱ्यांना वाचवायला जाणाऱ्यांपैकी एक! तिथे मेसोपोटेमियात त्याने सरकारी बातमीपत्रात डब्लिनच्या उठावाचं वाचलं. तोवर त्याला आयरिश राष्ट्रवादाची गंधवार्ता नव्हती. परत आल्यावर तोच वेस्ट कॉर्कमध्ये ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या आयआरएचा (आयरिश रिपब्लिकन आर्मी) सर्वांत गाजलेला सेनानी झाला. ब्रिटिशांकडून शिकला आणि ब्रिटिशांवरच वापरलं.

अडाणी_पंडित

एवढं चाललंय तर आर्थर लिंचला का सोडलंत? ऑस्ट्रेलियात जन्मलेला आयरिश. बोअर युद्धात बोअरांकडून प्रत्यक्ष लढला, कर्नल. १९०१ मध्ये गॉलवेने त्याला खासदार केलं. लंडनला पाऊल टाकलं तसा राजद्रोहासाठी पकडला, १९०३ मध्ये फाशीची शिक्षा. ती जन्मठेपेवर आली, वर्षभरात सुटका, नंतर माफी. १९०९ ला वेस्ट क्लेअरचा खासदार, म्हणजे विलीचा शेजारी मतदारसंघ. आणि १९१८ मध्ये ब्रिटिश सैन्यात कर्नल, कामगिरी काय तर आयर्लंडमध्ये भरती! याच्यापुढे विली म्हणजे सरळमार्गी कारकून.

तिरकस

दोन्हीकडून कर्नल. याची पेन्शन कोणत्या खात्यातून निघाली असेल?

मधुमालती_

सावरकरांनी दुसऱ्या महायुद्धात ‘सैन्यात शिरा, बंदूक हातात घ्या’ म्हटलं तर आजही लोक शिव्या देतात. विलीला मात्र सहानुभूती. हा दुटप्पीपणा नाही का?

पर्वतीपायथा

आला विषय. आता दोनशे प्रतिसाद नक्की.

संपादक_मंडळ

सावरकर, नेहरू, १९४२ यांच्यासाठी चालू असलेला वेगळा धागा आहे. इथे आयर्लंडच राहू द्या. तीन प्रतिसाद उडवले आहेत.

जुनाट_पेन

धन्यवाद, संपादक. गाडी रुळावर आणतो. डब्लिनचा_पाऊस, विलीसारखाच गणवेशात गेलेल्या टॉम केटलबद्दल लिहाल का?

डब्लिनचा_पाऊस

हो. मला विचाराल तर विलीपेक्षा टॉम केटल जास्त कठीण माणूस आहे. वकील, अर्थशास्त्राचा प्राध्यापक, १९०६ ते १९१० ईस्ट टायरोनचा खासदार. बोलणं असं की शत्रूही ऐकत बसायचे. दारूचं व्यसन होतं, तेही लपवण्यासारखं नव्हतं. १९१४ च्या उन्हाळ्यात तो बेल्जियमला कशाला गेला होता? आयरिश स्वयंसेवकांसाठी बंदुका विकत घ्यायला! तिथे असतानाच जर्मन घुसले. बंदुका राहिल्या बाजूला, हा तिथून वर्तमानपत्राला बातम्या पाठवू लागला, आणि परत येऊन सैन्यात.

उठावाच्या वेळी तो आयर्लंडमध्ये ब्रिटिश गणवेशात होता. त्याचा साडू फ्रान्सिस शीही-स्केफिंग्टन हा पक्का शांततावादी, रस्त्यावर लूटमार थांबवायला निघाला होता. त्याला सैनिकांनी पकडलं आणि २६ एप्रिलला पोर्टोबेलो बराकीत एका ब्रिटिश अधिकाऱ्याने चौकशीविना गोळ्या घालवल्या. केटलच्या अंगावर तोच गणवेश. तो तेव्हा म्हणाला की ही उठाववाली माणसं इतिहासात वीर आणि हुतात्मे म्हणून जातील, आणि मी गेलोच तर एक हलकट ब्रिटिश अधिकारी म्हणून जाईन. तरी फ्रान्सला गेला. ९ सप्टेंबर १९१६ ला जिन्चीला पडला. देह मिळाला नाही. मरणाआधी काही दिवस लहानग्या मुलीसाठी सुनीत लिहून ठेवलं होतं.

माझं ऑफिस डब्लिनच्या सेंट स्टीफन्स ग्रीन या बागेपासून चालत दहा मिनिटांवर आहे. तिथे त्याचा अर्धपुतळा आहे. खाली त्याच सुनीताच्या शेवटच्या ओळी, झेंडा, राजा, सम्राट यांच्यापैकी कुणासाठी मेलो नाही अशा अर्थाच्या. तो पुतळा बसवायलाही खूप वर्षं लागली, कारण पाटीवर काय लिहायचं यावर वाद. जेवणाच्या सुट्टीत लोक त्याला पाठ टेकून सँडविच खातात.

गुळपोळी

पाऊसताई, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका ना. वाचनखूण साठवली.

खवट_म्हातारा

केटलपुढे मी टोपी काढतो (एनसीसीची). त्याला स्वतःची किंमत आधीच कळली होती. विलीला शेवटपर्यंत वाटत होतं की इंग्रज लाजेल.

डब्लिनचा_पाऊस

लाजवायचा प्रयत्न तरी केला. ७ मार्च १९१७, हाउस ऑफ कॉमन्स, विली आघाडीवरून रजेवर आलेला. त्याचं म्हणणं एवढंच होतं: आम्ही, जे कदाचित मरणार आहोत, ते देवाच्या नावाने मागतोय की ज्यासाठी आम्ही घर सोडलं ते आमच्या देशाला द्या. सभागृह हेलावलं. होमरूल मात्र जिथल्या तिथे.

तीन महिन्यांनी मेसीन्स. वय आणि तब्येत बघून त्याला मागच्या मुख्यालयात काम दिलेलं होतं. यानेच हट्ट धरून हल्ल्यात जायची परवानगी काढली. पहाटे ३:१० ला जर्मन खंदकांखाली पेरलेले १९ सुरुंग एकदम उडाले. १६ वी आयरिश आणि ३६ वी अल्स्टर डिव्हिजन खांद्याला खांदा लावून विटशाटेच्या दिशेने निघाल्या. विलीला मनगटाला आणि पायाला जखमा झाल्या. फार मोठ्या नव्हत्या, पण ५६ वर्षांच्या शरीराला पुरेशा. त्याला उचलायला धावला तो अल्स्टर डिव्हिजनचा स्ट्रेचरवाला, जॉन मीक, अँट्रिमचा प्रॉटेस्टंट. त्या धावपळीत मीकलाही गोळी-छर्रे लागले, तरी त्याने विलीला सोडलं नाही. अल्स्टरवाल्यांच्याच दवाखान्यात विली गेला.

पर्वतीपायथा

आणि त्यानंतर? पोटनिवडणूक. ईस्ट क्लेअर, जुलै १९१७. उमेदवार डी व्हॅलेरा, नुकताच तुरुंगातून सुटलेला, प्रचाराला स्वयंसेवक दलाच्या गणवेशात. डी व्हॅलेरा ५,०१०, पक्षाचा पॅट्रिक लिंच २,०३५. पंचवीस वर्षं निवडून दिलेल्या माणसाची माती ओली असताना त्याच मतदारांनी दिलेला हा निकाल. डिसेंबर १९१८ मध्ये तर सिन फेन (डी व्हॅलेराचा, पूर्ण स्वातंत्र्य मागणारा पक्ष) ७३, आयरिश पक्ष ६. जनतेने हिशेब केला की.

अडाणी_पंडित

मतमोजणी हा हिशेब असेल तर नाना शंकरशेटांना आज किती मतं पडतील?

युरोपातला_विन्या

मी बेल्जियममधल्या लोकरला जाऊन आलोय, कामानिमित्त लिलला होतो तेव्हा. केमेलच्या टेकडीजवळचं छोटं गाव. तिथे एक ब्रिटिश लष्करी दफनभूमी आहे, ओळीत पांढऱ्या शिळा, कापलेलं गवत. विलीचं थडगं त्या कुंपणाच्या बाहेर, एकटं, थोडं अंतर राखून. तिथल्या एका सायकलस्वाराने मला ठामपणे सांगितलं की १९१६ च्या देहदंडांचा निषेध म्हणून त्याने ब्रिटिशांशेजारी पुरायला नकार दिला होता.

डब्लिनचा_पाऊस

ही दंतकथा इथेही ऐकू येते. गोळी लागून काही तासांत गेलेला माणूस जागा कधी निवडणार? त्याला लोकरच्या ननांच्या मठाच्या बागेत पुरलं होतं. १९१८ च्या लढाईत मठ जमीनदोस्त झाला, थडगं उरलं. राष्ट्रवाद्यांना मात्र ही गोष्ट सोयीची आहे: तो शेवटी आपला होता असं वाटतं. डिसेंबर २०१३ मध्ये एंडा केनी आणि डेव्हिड कॅमरन हे दोन पंतप्रधान तिथे एकत्र जाऊन आले, तेव्हा पेपरांत पुन्हा हे सगळं उगाळलं गेलं.

सातारी_कंदी

जुनाट_पेन यांचा दुसरा प्रश्न राहिलाच. माझं मत: बदलतो. धोरण चुकलं असेल, पण भरतीच्या सभेत बोललेला शब्द त्याने स्वतःच्या अंगावर घेतला. आमच्या ४६ जणांना भरतीला लावणाऱ्यांपैकी कोण कुटला गेला, सांगा.

पर्वतीपायथा

नाही बदलत, आणि उलट जास्त त्रास होतो. भोंदू पुढाऱ्याच्या मागे लोक विचार करून जातात. प्रामाणिक पुढाऱ्याच्या मागे डोळे मिटून जातात. कॉर्कच्या त्या खिडकीखालून किती पोरं गेली असतील? विलीचा अर्धपुतळा वेक्सफर्डला झाला. त्यांचे?

सातारी_कंदी

म्हणजे त्याने घरी बसून भाषणं दिली असती तर तुम्ही त्याला कमी दोष दिला असता?

पर्वतीपायथा

भाषणच दिलं नसतं तर दिला नसता. टिळकांसारखं उठून जायचं होतं.

रानवाटा

टिळकांना उठून जाता आलं कारण त्यांच्या डोक्यावर अल्स्टर नव्हतं. विली उठून गेला असता तर युनियनिस्टांचा नेता कार्सन आणि त्याचे लोक दुसऱ्या दिवशी म्हणाले असते, बघा, हे राजद्रोहीच होते, यांना कसलं होमरूल? आयर्लंडचे पाच राष्ट्रवादी खासदार गणवेशात गेले, त्यातल्या स्टीफन ग्विनने पन्नाशीत साधा शिपाई म्हणून सुरुवात केली, ते सगळे काही हौशी नव्हते.

खवट_म्हातारा

पाचांपैकी पाच चुकले असं म्हणायची मुभा आहे ना?

संपादक_मंडळ

आहे. सभ्य भाषेत.

गुळपोळी

या वादात जॉन रेडमंड सुटला. विली मेल्यावर नऊ महिन्यांत तोही गेला ना? त्याच्यावर वेगळा धागा काढा, पेनदादा.

जुनाट_पेन

हो, मार्च १९१८. काढतो, पण त्याआधी पंडितांनी आर्थर लिंचवर लिहायचं कबूल करावं. दोन्हीकडच्या पेन्शनचा तपास तिरकस करतील.

तिरकस

अर्ज तीन प्रतींत भरलाय.